पळसाची लाख आणि जॅझची तबकडी

गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याचा आणि न्यू ऑर्लिन्सच्या जॅझचा काही संबंध आहे, असे कोणी म्हटले तर वैनगंगेच्या खोऱ्यातला शहाणा माणूस त्याच्याकडे संशयानेच पाहील. इकडे धानाच्या बांध्या, धुऱ्यावरचे पळस आणि झाडीपट्टीतली दंडार. तिकडे मिसिसिपीच्या काठचे कृष्णवर्णीय वादक, त्यांचे ट्रम्पेट आणि त्यांचे ते ठेका चुकवत चुकवत बरोबर समेवर येणारे वादन. मेळ बसायचा कसा? पण संबंध आहे, आणि तो चांगला चिकट आहे. तो लाखेचा!

पळस, बोर, कुसुंब यांच्या कोवळ्या फांद्यांवर एक चिमुकला किडा दाटीवाटीने बसतो, झाडाचा रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतो. ते कवच म्हणजे लाख. ती खरवडायची, कुटायची, धुवायची आणि दाणा करून कापडाच्या लांबलचक नळीत भरायची. मग भट्टीसमोर ती नळी पिळली की वितळलेली लाख गाळून बाहेर येते. जुन्या पद्धतीत पुढचे काम मोठे पाहण्यासारखे असे. त्या गरम लाखेचा पापुद्रा कारागीर हातांनी, पायांच्या बोटांनी आणि दातांनीसुद्धा धरून आगीपुढे ताणी, आणि तो थंड झाला की मोडून त्याचा चपडा होई. सुतार पॉलिशला वापरतात तोच हा चपडा. गोंदिया हे नावच मुळी गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. गावातून हावडा–मुंबई लोहमार्ग जातो, तेव्हा जंगलातला माल कलकत्त्याच्या बाजारात आणि तिथून बोटीवर चढायला अडचण नव्हती.

आता तबकडीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल बर्लिनरने तबकडीसाठी दगडाची बारीक पूड, काजळी आणि लाख यांचे मिश्रण पसंत केले. पूड स्वस्त आणि कुठेही मिळणारी. तिला धरून ठेवणारी आणि तापवली की ठशाची रेघन् रेघ उचलणारी वस्तू म्हणजे लाख. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने प्लास्टिकची लाँग प्ले तबकडी काढली, तोपर्यंतच्या पन्नासेक वर्षांत जगात जे काही गाणेबजावणे तबकडीवर उमटले, ते जवळजवळ सगळे लाखेवरच उमटले. आणि जगातली बहुतेक लाख जाई हिंदुस्थानातून! कोणती लाख कोणत्या गावच्या पळसाची, हे सांगायला ब्रह्मदेवही यायचा नाही. पण आपल्या मुलुखातल्या झाडांचा त्यात वाटा नव्हता, असे म्हणायला मी तरी तयार नाही.

पहिली जॅझ तबकडी निघाली ती १९१७ साली. १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीच्या खोलीत किंग ऑलिव्हरचा ताफा वाजवून गेला. त्यात लुई आर्मस्ट्राँग नावाचा तरुण कॉर्नेट वाजवीत होता. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भल्या मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवायचे. आर्मस्ट्राँगचा दम असा दांडगा, की त्याला इतरांच्या बराच मागे उभा केला होता, अशी आख्यायिका आहे. पुढे १९२५ पासून ओके कंपनीसाठी त्याने स्वतःच्या ‘हॉट फाइव्ह’ मंडळींसह ज्या तबकड्या दिल्या, त्या ऐकल्यावाचून जॅझविषयी बोलू नये. प्रत्येक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, कारण दहा इंची तबकडीत त्याहून जास्त मावेच ना. आपल्याकडच्या गवयांना ख्याल तीन मिनिटांत आवरावा लागे, तोच हा जाच.

या तबकड्या आज दुर्मीळ आहेत, आणि त्याचे एक मोठे कारण पुन्हा लाखच. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, समुद्रावर धोका वाढला, आणि लाख तर लढाईच्या सामानालाही हवी. एप्रिल महिन्यात अमेरिकन सरकारने फर्मान काढले, की तबकड्यांसाठी वापरायची लाख पूर्वीच्या तीस टक्क्यांवर आणावी. मग नवी लाख नाही तर जुनी वितळवा! घरोघर मोहिमा निघाल्या. जुन्या तबकड्या द्या, त्यांचा चुरा विकून सैनिकांसाठी नव्या तबकड्या घेऊ, असे आवाहन झाले आणि लोकांनी देशभक्तीने पेट्याच्या पेट्या रित्या केल्या. त्या ढिगाऱ्यांत विशीच्या दशकातले किती अस्सल जॅझ गेले असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? त्याच वर्षी ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला तो वेगळाच. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या ताफ्यात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र वाजवीत होते. त्या ताफ्याची बाजारात निघालेली एकही तबकडी नाही.

बरे, तबकडी फुटली तरी मूळ धातूचा ठसा असेल तर नवी काढता येते. पण गेनेटचे बहुतेक ठसे भंगारात गेले. पॅरामाउंट नावाच्या दुसऱ्या कंपनीचीही तीच गत. म्हणून या कंपन्यांचे जुने जॅझ पुन्हा प्रसिद्ध करायचे, तर कोणा नादिष्टाच्या कपाटातली झिजलेली तबकडी मागून आणावी लागते आणि तिच्यावरूनच नवी प्रत करावी लागते. संग्राहक ही नुसती हौशी जात नव्हे, तीच या संगीताची वखार आहे. पॅरिसच्या शार्ल दलोनेने १९३६ साली या तबकड्यांची मोठी सूची छापली: कोणी वाजवले, कधी, कुठे, ठशाचा क्रमांक काय. हा क्रमांक लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला असतो, आणि जाणकार आधी तो वाचतो, मग लेबल. १९४० साली जॉर्ज अवाकियन या विद्यार्थिदशेतल्या तरुणाने कोलंबियाच्या कोठारात शोध घेऊन आर्मस्ट्राँगच्या पूर्वी न निघालेल्या बाजू उजेडात आणल्या, त्या अशाच वेडापायी.

या पुनर्मुद्रणांवरून रसिकांत जी भांडणे जुंपतात, ती घराण्यांच्या भांडणांहून सौम्य नसतात. एक पक्ष म्हणतो, सुईची खरखर पार पुसा. दुसरा म्हणतो, खरखरीबरोबर झांजेचा झंकार आणि वादकाचा श्वासही पुसला जातो. शिवाय वेगाचा घोळ आहेच. ‘अठ्ठ्याहत्तर फेरे’ हे नावापुरते. जुन्या काळी मुद्रणाचा वेग कमीजास्त असे, आणि चुकीच्या वेगाने वाजवली की सबंध ताफा अर्ध्या सुराने चढतो किंवा उतरतो. माझे मत विचाराल तर सूर आधी नीट लावा. खरखर थोडी राहिली तरी कानाला सवय होते.

हे सारे परदेशातच घडले असे मात्र समजू नका. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकन ताफा आला. त्यामागून आलेल्या क्रिकेट स्मिथच्या ताफ्याने १९३६ मध्ये मुंबईतच ‘ताजमहाल’ नावाच्या फॉक्सट्रॉटची तबकडी भरली. शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तर इथलाच होऊन राहिला. अमेरिकेत लाखेचा दुष्काळ होता त्या काळात तो कलकत्त्यात तबकड्या भरीत होता, आणि १९४५ साली तिथेच पटकीने वारला. या मंडळींच्या सहवासात गोव्याचे वादक तयार झाले. आल्दोनाचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, याला लोक हिंदी आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, १९५१ च्या ‘अलबेला’त त्याच्या ताफ्याला वाव दिला, आणि ज्यांनी जॅझचे नावही ऐकले नव्हते अशी खेडोपाडीची माणसे त्या ठेक्यावर माना डोलवू लागली. नरेश फर्नांडिस यांनी हा सबंध इतिहास ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकात लिहिला. २०१२ च्या त्या पुस्तकासोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची एक सीडीही होती.

तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक उघडली आणि काळ्या, जड, ठिसूळ तबकड्या हाती आल्या, तर त्या भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी लेबल आणि कोरलेला क्रमांक वाचून वहीत टिपा. बँड, डान्स, फॉक्सट्रॉट असे काही शब्द दिसले तर दोनदा वाचा. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. पत्र्याच्या छपराखाली नकोत, उन्हाने त्यांचे पोळीसारखे वाकडे होते. धूळ मऊ कापडाने आणि साध्या थंड पाण्याने पुसा. लेबल मात्र भिजू देऊ नका. आणि कोणी कितीही सांगितले तरी स्पिरिट लावू नका. सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे विसरून लोक बोळा फिरवतात, आणि आर्मस्ट्राँग बोळ्याबरोबर निघून येतो.