पाळण्यापाशी जागे कोण?

९ जानेवारी २०२१ रोजी, पहाट होण्यापूर्वीच्या अंधारात, भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षाला आग लागली. कक्षात १७ अर्भके होती. ७ वाचली, १० गेली. ज्यांना रडण्यापलीकडे भाषा नव्हती, त्यांचे रडणे धुरात विरून गेले.

पुढे जे व्हावयाचे ते सर्व यथासांग झाले. शोक प्रकट झाला, साहाय्य जाहीर झाले, चौकशी झाली, अधिकारी निलंबित झाले, परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले आणि राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश सुटले. तरीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयात १३ आणि नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण आगीच्या तडाख्यात सापडून मरण पावले. आदेश सुटणे आणि आदेश पाळला जाणे या दोहोंत केवढे अंतर असते, हे सांगण्यास आणखी पुरावा कशाला हवा?

आगीवाचूनही बालके जातात. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या काळातील २४ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. परंतु लोकांच्या ध्यानात काय राहिले? एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करवून घेतले, ते दृश्य! अधिष्ठात्याच्या हाती झाडू दिल्याने बघ्यांचे समाधान होत असेल; त्याने रात्रपाळीत एकही परिचारिका वाढत नाही.

आमच्या मते खरा रोग येथेच आहे. अपघातानंतर आपण अपराधी शोधतो. अपघातापूर्वी पहारा ठेवीत नाही. आणि सापडणारा अपराधी पुष्कळदा सर्वांत खालच्या पायरीवरचा असतो. अशा कक्षात प्रत्येक पाळीत तीन-चार अर्भकांमागे एक परिचारिका असावी, असा सरकारचाच दंडक आहे. तिच्यावर याच्या दुप्पट-तिप्पट बालके सोपविली, तर प्रथम काय सुटेल? दोन बालकांना हाताळण्याच्या मध्ये हात धुणे! प्रसूतिगृहात जाण्यापूर्वी वैद्याने हात धुतल्यास माता वाचतात, हे व्हिएन्नामध्ये सेमेलवाइसने १८४७ साली दाखविले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे हे ज्ञान आज अपुरे पडते ते अज्ञानामुळे नव्हे. ते आचरण्यास उसंत नाही म्हणून.

भंडाऱ्याप्रमाणेच विदर्भात असलेल्या गडचिरोलीने याची दुसरी बाजू दाखविली आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना तयार केले. तापमापक, वजनकाटा, घड्याळ आणि नेमाने घरी जाऊन पाहण्याचा शिरस्ता, हे त्यांच्या सामग्रीत होते. नवजातांचे मृत्यू तेथे सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. यंत्रे नकोत, असा याचा अर्थ नव्हे. यंत्रापाशी जागा असलेला माणूस हवा, हा त्याचा अर्थ आहे.

आम्ही कधी काळी शाळेत शिकविले आहे. तेथे रोज सकाळी हजेरी घेतली जाते आणि एकही वर्ग शिक्षकावाचून राहिला तर मुख्याध्यापकांना जाब द्यावा लागतो. मग पाळण्यातल्या मुलांची हजेरी कोणी घ्यावयाची? प्रत्येक बालकक्षाच्या दाराशी फलक असावा: आज बालके किती, या पाळीत परिचारिका किती. अग्नितपासणीचा अहवाल कपाटात न ठेवता भिंतीवर लावावा. दोष कोणते निघाले आणि कोणत्या तारखेस दूर झाले, हे त्यात लिहिलेले असावे. प्रत्येक बालमृत्यूची चिकित्सा व्हावी. मात्र आपली चूक सांगणाऱ्यास तेथे शिक्षेचे भय नसावे. भय असले की चूक लपते, आणि लपलेली चूक पुन्हा घडते. रिक्त जागा कायमच्या नेमणुकांनी भरणे हे तर सर्वांच्या आधीचे कर्तव्य होय.

शेवटी चार शब्द आमच्या वाचकांसाठी. सरकारी रुग्णालयाचा उंबरठा पांढरपेशा वर्गाने सोडला, आणि त्याबरोबर त्या वास्तूबद्दल बोलणारा एक आवाज कमी झाला. गरिबाचे मूल तेथे जाते. त्याच्या तक्रारीला वजन नाही. पण विरारचे रुग्णालय खासगी होते, हे विसरू नये. पैसे मोजल्याने पहारा विकत मिळत नाही. तेव्हा आपले मूल असो वा दुसऱ्याचे, रुग्णालयाच्या दाराशी एक प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ: आज रात्री या पाळण्यांपाशी जागे कोण आहे? हा प्रश्न विचारणारे वाढतील, तेव्हाच उत्तर देणाऱ्यांस झोप येईनाशी होईल.