दीड वितीचं अंतर

राजगुरुनगरच्या, जुन्या माणसांच्या भाषेत खेडच्या, आकाशात लढाऊ विमान शोधायचं तर आवाजाच्या पुढे पाहावं लागतं. आवाज डोक्यावर येतो तोवर विमान पार चाकणच्या अंगाला गेलेलं असतं. लोहगावचा हवाई तळ इथून सरळ रेषेत सुमारे 30 किलोमीटर. तळ 1939चा. सुखोई हे लढाऊ विमान तिथे 1997मध्ये आलं, त्याचा एमकेआय हा सुधारित अवतार 2002मध्ये. 2004पासून ही विमानं नाशिकजवळ ओझरला बनू लागली. आमच्या पुणे-नाशिक रस्त्याच्या एका टोकाला विमान घडतं, दुसऱ्या टोकाला उडतं.

या पाव शतकात आम्ही कौतुक केलं ते विमानाचं. आतल्या माणसाच्या अंगाचं काय होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

उकिडवं बसून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. वैमानिकाचं दुखणं त्याच जातीचं, पण कितीतरी पट मोठं. वेगात वळण घेताना शरीर जड होतं. त्याचं माप ‘जी’. जमिनीवरचं आपलं वजन म्हणजे एक जी. नऊ जीला 60 किलोचा माणूस 540 किलोचा होतो. दोन किलोचं हेल्मेट 18 किलोचं होतं, आणि ते पेलायचं मानेनं. रक्त पायांकडे ओढलं जातं. हृदयापासून डोळे जेमतेम दीड वीत वर, पण दर जीमागे डोळ्यांपाशी रक्तदाब 22 ते 25 अंकांनी घसरतो. आधी रंग फिके पडतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख. तरीही वळण सैल केलं नाही, तर शुद्ध हरपते.

दुसऱ्या महायुद्धात यावर जी-सूट निघाला. त्यातल्या पिशव्या फुगून पोट, मांड्या, पोटऱ्या आवळतात. उरलेलं काम वैमानिकाचंच. पाय आणि पोट ताठ करायचं, श्वास कोंडायचा, दर तीन सेकंदांनी झटक्यात सोडून पुन्हा घ्यायचा.

8 जून 2006ला तेव्हाचे राष्ट्रपती कलाम आणि 25 नोव्हेंबर 2009ला तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील जी-सूट घालून लोहगावहून सुखोईतून उडाले. दोघंही तेव्हा 74 वर्षांचे. त्यांचं धाडस मोठंच, पण ते एका दिवसाचं. लढाऊ वैमानिकांच्या मानदुखी-पाठदुखीची तक्रार मात्र जगभर जुनीच आहे.

14 ऑक्टोबर 2014ला थेऊरजवळ सुखोई कोसळलं. दोघे वैमानिक सुखरूप, अशी बातमी आली. पण कोसळत्या विमानातून वैमानिकाला बाहेर फेकायला आसन उडतं तेव्हा कण्यावर क्षणभर वजनाच्या बारा-पंधरा पट भार येतो आणि मणका दबून मोडूही शकतो. ‘सुखरूप’ या शब्दात हे मावत नाही.

विमानं बदलली, ते दीड वितीचं अंतर तेवढंच राहिलं. पुढच्या वेळी आवाज ऐकून मान वर कराल, तेव्हा वर कुणीतरी तीन-तीन सेकंद श्वास कोंडून बसलंय, एवढं लक्षात असू द्या.