इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी जाताना : समाजाचा निधी आणि आपले उत्तरदायित्व

परदेशातील एखाद्या शाळेत काही महिने विनावेतन इंग्रजी शिकवावे, ही इच्छा आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींच्या मनात अलीकडे मूळ धरू लागली आहे. नेपाळ, श्रीलंका, थायलंड ही नावे त्यांच्या बोलण्यात वारंवार येतात. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी मुळाक्षरेही पोहोचली नव्हती, त्या घरांतील मुलामुलींनी दुसऱ्या देशातील मुलांना शिकवावे, ही बाब आम्हांस अभिमानास्पद वाटते. परंतु या कार्यास पैसा लागतो आणि तो बहुधा समाजाकडेच मागावा लागतो. म्हणूनच तो कसा मागावा आणि त्याची परतफेड कोणत्या रूपाने व्हावी, याचा विचार येथे करीत आहोत.

या बाबतीत आपल्यासमोर थोर उदाहरणे आहेत. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करारही झाला होता. धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपी जाऊन पाली शिकले. पुढे त्यांनाही सयाजीरावांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले ते महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, या अटीवर. दात्याने दिलेल्या पैशामागे समाजाचा हक्क असतो, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

१९२० साली बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. त्या वेळी त्यांच्या हाती तीन वाटांनी पैसा आला : सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून काटकसरीने साठविलेली शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. आमच्या तरुणांनीही हाच क्रम मनात धरावा. प्रथम स्वतःची बचत, नंतर इतरांकडे याचना. ज्याने स्वतः काही घातलेले नाही, त्याच्या झोळीत मोलमजुरी करणाऱ्याने आपला दिवसाचा रोज का टाकावा?

निधी मागण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज करावा. त्यात प्रवास, पारपत्र, व्हिसा, विमा, निवास-भोजन आणि शैक्षणिक साहित्य ही कलमे स्वतंत्र दाखवावीत. स्वयंसेवकाकडूनच मोठे शुल्क घेणाऱ्या मध्यस्थ संस्थांपासून सावध राहावे. त्या शुल्कातील किती रक्कम प्रत्यक्ष शाळेला मिळते, हे विचारण्यास संकोच करू नये. नागपूरकरांना नेपाळ सर्वांत सुलभ आहे. भारतीय नागरिकास तेथे व्हिसा लागत नाही, आणि रेल्वेने गोरखपूर व पुढे रस्त्याने सोनौलीची सीमा ओलांडून अल्प खर्चात लुंबिनीच्या परिसरात पोहोचता येते. इतर देशांत मात्र पर्यटन व्हिसावर शिकविणे नियमबाह्य ठरू शकते. थायलंडमध्ये तर विनावेतन कामासही परवाना लागतो.

पैसा गोळा करण्याची रीत ब्रिटनमधील करुणा ट्रस्टकडून शिकण्यासारखी आहे. १९८० साली बौद्ध प्रेरणेतून सुरू झालेल्या या संस्थेचे स्वयंसेवक तेथे दारोदार जाऊन भारतातील वंचितांच्या शिक्षणासाठी साहाय्य मागत आले आहेत. एकदाच मोठी रक्कम मागण्यापेक्षा दरमहा थोडे देणारे दाते जोडणे, हा त्यांचा मार्ग आहे. आपल्याकडे हे करताना कायद्याचे भान हवे. आयकराच्या नियमांनुसार सवलत मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या देणगीवरच मिळते, व्यक्तीला दिलेल्या मदतीवर नाही. आणि परदेशी देणगी स्वीकारणाऱ्या संस्थेस २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक असते. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आणि परतल्यावर जाहीर हिशेब, हे दोन्ही अनिवार्य समजावे.

याहून कठीण प्रश्न निराळाच आहे. जेवढा पैसा आपल्या प्रवासावर खर्च होणार, तेवढ्यात तेथील स्थानिक शिक्षकाचे किती महिन्यांचे मानधन भागले असते? दोन आठवड्यांच्या मुक्कामात मुलांची नावे पाठ होतात न होतात, तोच निरोपाची वेळ येते. असा प्रवास प्रवाशाला समृद्ध करतो. मुलाच्या वहीत त्याचे फारसे काही उरत नाही. म्हणून किमान एक सत्र राहण्याची तयारी असावी, तेथील शिक्षकाच्या जोडीने काम करावे आणि आपण निघाल्यावर त्याच्या हाती धडे व पद्धत राहावी. या कामी आपला तरुण कमी नाही. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नाही. ती कष्टाने कमावलेली आहे. नवा शब्द उच्चारताना जीभ कोठे अडखळते आणि वर्गात हात वर करण्याची लाज कशी वाटते, हे त्याला ठाऊक आहे.

परतफेडीविषयी आमचे मत असे : जितके महिने परदेशी शिकविले, किमान तितके महिने नागपूरच्या वस्त्यांतील अथवा वसतिगृहांतील मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवावे. हा करार कागदावर नसला तरी चालेल. पालकांनी तो मुलांना निघण्यापूर्वीच सांगावा, आणि माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना त्याची आठवण निःसंकोचपणे करून द्यावी.