शिकागो: कांदा, लसूण की स्कंक?

'शिकागो' या नावाचा अर्थ शोधायला गेलात तर पहिलं उत्तर बहुधा 'रानकांदा' असं मिळेल. दुसरं 'स्कंक', म्हणजे शत्रूवर घाणेरड्या वासाचा फवारा सोडणारा तो काळा-पांढरा पट्टेदार प्राणी. कुणी 'बलाढ्य' असाही अर्थ लावलाय. तो शहराला फारच शोभतो, म्हणून त्याच्याकडे जरा जास्तच संशयाने बघा.

कांदा की स्कंक हे भांडण लावण्याआधी शब्द कुठल्या भाषेतला ते तपासा. तो मायामी-इलिनॉय या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, 'शिकाक्वा'. गंमत अशी की त्या भाषेत हा एकच शब्द स्कंकलाही आहे आणि एका उग्र वासाच्या रानवनस्पतीलाही. म्हणजे शब्दकोश उघडून निकाल लागणार नाही. दोन्ही बाजूंना तो पाठिंबाच देतो!

मग पुरावा कुठून आणायचा? ला साल याच्या मोहिमेतला आंरी जूतेल हा फ्रेंच माणूस १६८७-८८ मध्ये या भागातून गेला. इथल्या रानात लसूण भरपूर उगवतो आणि त्यावरून हे नाव पडलं असं समजलं, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. स्कंक इथे मागे पडतो. पण हा 'लसूण' नेमका कोणता? बरीच वर्षं लोक माळावरचा रानकांदाच धरून चालले होते. जॉन स्वेन्सन यांनी जूतेलचं वर्णन बारकाईने वाचलं आणि १९९१ मध्ये त्यावर लेख लिहिला. जूतेलची वनस्पती जंगलात वाढते, तिचं पान रुंद आहे, आणि ती छोट्या कांद्यांपेक्षा वेगळी आहे असं तो स्वतःच सांगतो. रानकांद्याची पात तर गवतासारखी अरुंद. रुंद पानांचा, झाडांच्या सावलीत वाढणारा तो रॅम्प, शास्त्रीय नाव एलियम ट्रायकॉकम. नावाचा वाद, आणि तो पानाच्या रुंदीवर येऊन ठरतो! मला तरी हा युक्तिवाद फार आवडतो.

तरीही तुमच्या प्रबंधात हे उदाहरण घ्याल तेव्हा 'असं समजलं' हे शब्द गाळू नका. नाव पडलं तेव्हा जूतेल तिथे नव्हता, त्याने ते ऐकलं होतं. म्हणून 'शिकागो हे नाव रॅम्पवरून पडलं' असं ठोकून देऊ नका. 'सतराव्या शतकाच्या अखेरीस जूतेलला नावाचा असा अर्थ सांगण्यात आला, आणि त्याचं वर्णन रॅम्पशी जुळतं', एवढंच लिहा. वाक्य लांबतं खरं, पण व्हायव्हात तेच टिकतं.