जरबेरा मान का टाकतो?

एकाच गुच्छातला जरबेरा दोन-तीन दिवसांत मान टाकतो, शेजारचं कार्नेशन मात्र आठवडाभर ताठ. फुलदाणी तीच, पाणीही तेच. मग असं का?

फुलाच्या दांड्यात केसाहून बारीक नळ्या असतात. पाकळ्यांतून बाष्प उडालं की त्या खालून पाणी खेचतात, स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं. कापताना हवेचा बुडबुडा आत शिरला, किंवा शिळ्या पाण्यातल्या जिवाणूंचा बुळबुळीत थर टोकाशी साचला, की नळी तुंबते. जरबेऱ्याचा दांडा लवदार, बिनपानांचा आणि मऊ. त्याला उभं ठेवतो तो मुख्यतः पेशींमधल्या पाण्याचा दाब. त्यात डोक्यावर भलंमोठं फूल! दाब उतरला की फुलाच्या खालीच दांडा वाकतो. फुलवाले तिथे तार किंवा प्लास्टिकची नळी लावतात ती यासाठीच.

कार्नेशनचा दांडा पेरापेरांचा, कडक. त्याचा शत्रू वेगळा: पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू. केळ्यांच्या घडाशेजारी ठेवलं, तर भरपूर पाणी असूनही त्याच्या पाकळ्या आत मिटतात. ग्लॅडिओलसची तऱ्हा आणखी निराळी. आडवा ठेवला की काही तासांत शेंडा वर वळतो, म्हणून तो उभाच ठेवायचा.

पाण्यात नुसती साखर घालणं मला तरी पटत नाही. जिवाणूंचीच चंगळ होते. त्यापेक्षा रोज पाणी बदला, दांड्याचं टोक धारदार सुरीने तिरकं कापा आणि जरबेऱ्याला चार बोटंच पाणी ठेवा. जास्त पाण्यात त्याचा दांडा कुजतो.