प्रबंध कपाटात, प्रश्न ओपीडीत

मनोविकारशास्त्रात एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावाच लागतो. कागदावर पाहिले तर देशातला प्रत्येक नवा मनोविकारतज्ज्ञ संशोधन करूनच बाहेर पडतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रबंध परीक्षेपुरते असतात. बांधणी होते, सह्या होतात आणि प्रती ग्रंथालयाच्या कपाटात जातात.

यात निवासी डॉक्टरांचा आळस शोधण्यात अर्थ नाही. वॉर्डाची नीट ओळख होण्याआधीच विषय ठरवून आराखडा द्यायचा असतो. मग नैतिकता समितीची परवानगी, मग ओपीडी आणि रात्रपाळी सांभाळून रुग्ण जमवणे. शिवाय आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणेही सक्तीचे आहे. साहजिकच हमखास पार पडेल असा विषय निवडला जातो: ओपीडीत येणाऱ्या शंभरेक रुग्णांना प्रश्नावली द्यायची आणि टक्केवारी मांडायची. तोच रुग्ण दोन वर्षांनी कसा असेल, हा खरा प्रश्न मुदतीत बसत नाही. चेन्नईत १९८१-८२च्या सुमारास, नुकताच स्किझोफ्रेनिया झालेल्या ९० रुग्णांचा पाठपुरावा सुरू झाला. डॉ. आर. तारा आणि सहकाऱ्यांनी तो दोन दशकांहून अधिक काळ चालवला. या आजारातून किती जण सावरतात, हे भारतातल्या आकड्यांवरून सांगता येते ते अशा चिकाटीमुळे. तीन वर्षांच्या प्रबंधातून ते निघाले नसते.

डॉक्टरांचीच टंचाई असताना संशोधनाची चैन कशाला, असे कुणी विचारील. देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, हे खरेच आहे. ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. (त्या पाहणीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.) पण टंचाईवरचा मार्गही संशोधनातूनच सापडला आहे. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मोजक्या बैठकांचा उपचार दिला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, ज्यांना केंद्रातली नेहमीची सेवाच मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. असे प्रयोग आखायला, त्यांतले आकडे तपासायला माणसे लागतात. ती घडवायची कुठे?

आणि काही प्रश्न इथल्याच डॉक्टरांनी सोडवायचे आहेत. नैराश्य मोजण्याची हॅमिल्टन यांची पट्टी १९६०ची, ब्रिटनमधली. आपल्याकडचा रुग्ण ‘मी उदास आहे’ म्हणेलच असे नाही. ‘डोकं जड होतं’, ‘जीव घाबरतो’, ‘कशात मन लागत नाही’, असे तो सांगतो. यातले काय कोणत्या रकान्यात जाते, हे शब्दकोश उघडून ठरत नाही. मराठीत केलेले भाषांतर दुसऱ्याने पुन्हा इंग्रजीत करून पडताळायचे, मग पट्टी रुग्णांवर तपासायची, दोन डॉक्टरांचे गुण जुळतात का ते पाहायचे. हे काम चिवट, फारशी वाहवा न मिळवणारे आहे. पण रोजच्या ओपीडीला त्याचाच उपयोग.

अमेरिकेतही मनोविकारशास्त्रातले संशोधक कमी पडत असल्याची ओरड होती. तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २००३ मध्ये यावर अहवालच काढला. निवासी डॉक्टरांना शिक्षणकाळातच संशोधन शिकवणाऱ्या विभागांना तिथली राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था अनुदान देते. या योजनांचा गाभा साधा आहे: संशोधनासाठी राखून ठेवलेला वेळ आणि स्वतः संशोधन करणारा मार्गदर्शक. तिथला निवासी अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्याने शेवटच्या वर्षात असा वेळ काढणे सोपे जाते.

आपल्याकडे तीनच वर्षे आहेत, आणि पुढे खासगी प्रॅक्टिसची मिळकत खुणावत असते. तरीही काही गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. आठवड्यातली एक दुपार कामातून मोकळी ठेवता येते. संख्याशास्त्रज्ञाला आकडे जमल्यावर नव्हे, विषय ठरतानाच बोलावता येते. मागच्या तुकडीने गोळा केलेल्या रुग्णांचा, त्यांची आणि समितीची संमती घेऊन, पुढच्या तुकडीने पाठपुरावा करायचा ठरवले, तर पाच तुकड्यांत एका विभागाकडे काही वर्षांची नोंद तयार होईल. त्यासाठी प्रत्येकाने नवा विषय घ्यायचा, हा हट्ट मात्र गाइडना सोडावा लागेल.