दुर्बीण परकी, आकाश आपले

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याहून एक बातमी आली. तेथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि तिचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांना एक सर्पिल दीर्घिका सापडली. तिचा प्रकाश सुमारे १,२०० कोटी वर्षांचा प्रवास करून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. नाव ठेवले ‘अलकनंदा’. मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचे एक नाव आणि हिमालयात अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी. आपल्या आकाशगंगेसारखेच रूप असलेली ही दूरची बहीण, असा त्या नावातला भाव.

आमच्या पिंप्राळ्यात चहाच्या टपरीवर सकाळचे वर्तमानपत्र हातोहात फिरते. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यामुळे अशी बातमी आली की ती समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे येते. सांगून झाले, तेव्हा गल्लीतले एक कापूस उत्पादक म्हणाले, “सर, दुर्बीण अमेरिकेची, पाहणारे पुण्याचे. यात आपल्या खान्देशाचं काय? कापसाला भाव मिळेल का त्यानं?”

मंडळी हसली. पण प्रश्न वाकडा नव्हता. ज्यांच्या पोराबाळांनी उद्या विज्ञान शिकायचे की नाही हे ठरायचे आहे, अशा घरांत तो रोज विचारला जातो. त्याचे उत्तर चहाच्या एका कपात मावत नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

दुर्बीण वर कशासाठी?

गिरणेच्या वाहत्या पाण्याखालचा गोटा कधी पाहिला आहे का? तो थरथरताना दिसतो. गोटा जागचा हलत नाही, हलते ते पाणी. आपण हवेच्या अशाच प्रवाहाखाली राहतो. तारे लुकलुकतात ते हवेमुळे. शिवाय ताऱ्यांकडून येणारे बरेचसे अतिनील किरण वातावरणातला ओझोन अडवतो आणि अवरक्त किरणांचा मोठा भाग पाण्याची वाफ शोषून घेते. म्हणजे जमिनीवरून आपण आकाशाच्या घराच्या मोजक्याच खिडक्या उघडून पाहत असतो. बाकीच्या खिडक्या उघडायच्या तर दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते.

हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये वर गेली. तिचा आरसा २.४ मीटर व्यासाचा. त्याच्या आकारात सूक्ष्म दोष निघाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तो दुरुस्त केला. जणू दुर्बिणीला चष्माच लावला. डिसेंबर १९९५ मध्ये या दुर्बिणीने सलग दहा दिवस सप्तर्षींतला एक रिकामा वाटणारा ठिपका न्याहाळला. उन्हाळ्यात धाब्यावर झोपताना माझी आजी सप्तर्षींना ‘खाट’ म्हणायची आणि मागच्या तीन ताऱ्यांना ‘चोर’. त्याच सप्तर्षींतला, हात लांब करून धरलेल्या वाळूच्या कणाएवढा तो ठिपका. त्यात सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या.

त्यापुढची पायरी म्हणजे जेम्स वेब दुर्बीण. २५ डिसेंबर २०२१ रोजी ती झेपावली आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावली. तिचा आरसा ६.५ मीटरचा, १८ तुकडे जुळवून केलेला. ती मुख्यतः अवरक्त किरण पाहते. विझलेल्या चुलीजवळ अंधारात हात नेला तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण तळव्याला धग लागते. वेबचे पाहणे काहीसे असे आहे. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरचा प्रकाश वाटेत ताणला जातो. अलकनंदेचा प्रकाश सुमारे पाचपट ताणला गेला आहे. तिच्या ताऱ्यांचा मूळचा निळा-जांभळा प्रकाश आपल्याकडे पोहोचेपर्यंत अवरक्त झाला, म्हणूनच तो वेबला इतका स्पष्ट दिसला.

अलकनंदेचे नवल

विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. अलकनंदा आपल्याला दिसते ती विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असतानाची. आपली पृथ्वी, आपला सूर्य तेव्हा जन्मायचे होते. त्या काळातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गोळाबेरीज झालेल्या असणार, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. दोन सुबक बाहू असलेली शांत चकती तयार व्हायला कित्येक अब्ज वर्षे लागतात, असे मानले जाई. आणि इथे तर सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे रुंदीची, सूर्याच्या हजार कोटी पट वस्तुमानाचे तारे असलेली रेखीव दीर्घिका उभी! दरवर्षी सुमारे ६० सूर्यांइतके द्रव्य तिथे नव्या ताऱ्यांत रूपांतरित होत होते. आपल्या आकाशगंगेत आज होते त्याच्या ही कितीतरी पट. एवढी घडी इतक्या लवकर कशी बसली, हे आता शोधायचे आहे. तिच्या चकतीतले वायू आणि तारे कसे फिरतात, ते मोजल्यावर काही उलगडा होईल.

दिवाळीनंतरच्या रात्री नऊ-दहाच्या सुमाराला आमच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले, तर ठळक तारे फारसे नसलेला एक पट्टा दिसतो. अलकनंदा तिकडेच आहे. ‘आबेल २७४४’ नावाच्या दीर्घिका-समूहाच्या खूप मागे. या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले आणि तिचा प्रकाश सुमारे दुप्पट झाला.

आता टपरीवरच्या प्रश्नाला भिडणारी गोष्ट. वेबने हा भाग पाहिला तो पुणेकरांनी वेळ मागितला म्हणून नव्हे. दुसऱ्याच शास्त्रज्ञांनी त्याचे सर्वेक्षण केले आणि त्यातली माहिती सर्वांसाठी खुली केली. सुमारे ७०,००० वस्तूंची ती नोंद जगात कुणीही उघडून पाहू शकत होते. पाहिली अनेकांनी; अलकनंदा सापडली ती पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला.

लहान आरशाचे मोठे काम

दुर्बीण आपली असली, तर? तेही घडले आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून भारताची ‘ॲस्ट्रोसॅट’ वेधशाळा ६५० किलोमीटर उंचीवर गेली. तिच्यातल्या उपकरणांवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या ‘आयुका’ने इतर संस्थांसह काम केले. पाच वर्षांसाठी पाठवलेल्या या उपग्रहाने २०२५ मध्ये दहा वर्षे पुरी केली.

त्यावरच्या अतिनील दुर्बिणीचे आरसे जेमतेम ३८ सेंटिमीटरचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने आकाशाचा एक तुकडा एकूण २८ तासांहून अधिक काळ पाहिला. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निसटलेले प्रखर अतिनील किरण सापडले. २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. हबलच्या मोठ्या आरशाला ते किरण टिपता आले नव्हते. आपल्या दुर्बिणीचा शोधक अधिक शांत, त्याची स्वतःची खरखर कमी, म्हणून तिला ते जमले. बालविश्वात पसरलेले हायड्रोजनचे धुके कोणत्या प्रकाशाने विरले, या प्रश्नाला त्यातून एक धागा मिळाला.

आयुका १९८८ मध्ये उभी केली डॉ. जयंत नारळीकरांनी. विद्यापीठांतल्या, लहान गावांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना मोठ्या संशोधनाचे दार उघडे असावे, हाच तिचा हेतू. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. ते दार उघडे आहे.

पाटणचा शिलालेख

आणि खान्देशाचे काय? आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये, चंद्रग्रहणाच्या दिवशी, त्याला दान दिले.

या लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. पण शेवटी, जिथे खर्चाचा हिशेब येतो, तिथे तो मराठीत बोलू लागतो. बाजारातल्या खरेदी-विक्रीतून, सुपारीतून, प्रत्येक तेलघाण्यातून मठाला काय द्यायचे, ते लिहून ठेवले आहे. ज्यांना द्यायचे होते त्यांना समजेल अशा भाषेत! ग्रहगणित शिकणाऱ्या पोरांचा दिवा पाटणच्या तेल्याच्या पळीभर तेलावर जळत होता. त्या तेल्यानेही कधी विचारले असेल, ग्रहणाच्या गणिताने माझ्या घाण्याला काय मिळणार?

कापसाला भाव मिळणार नाही, हे मी टपरीवरही कबूल केले. पाणी, भाव, रोजगार यांचे प्रश्न दुर्बिणीने सुटत नाहीत आणि तसे सांगून कुणाची दिशाभूल करू नये. पण ॲस्ट्रोसॅटचा खर्च सुमारे १७८ कोटी रुपये झाला, तो आपण भरलेल्या करांतून. त्यात पिंप्राळ्याच्या किराणा दुकानाचा वाटा आहे, कापसाच्या गाठीचाही आहे. ज्याचे तेल दिव्यात पडले, त्याच्या घरातल्या पोरीने त्या उजेडात बसून वाचायला कुणाची परवानगी का मागावी?

आज आमच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. रस्त्यांच्या दिव्यांनी तो पुसून टाकला. मात्र ॲस्ट्रोसॅटची आणि वेबची माहिती संगणकावर खुली आहे. ती वाचायला गणित, भौतिकशास्त्र आणि बरीच चिकाटी लागते. त्यासाठी दरवर्षी दहावीच्या निकालानंतर घरोघरी होणाऱ्या चर्चेत ‘हे आपल्यासाठी नाही’ हे वाक्य तेवढे उच्चारू नये. आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या बाजाराने ते उच्चारले नव्हते.